स्वरांतराचे नाव आणि स्वरांतराची ओळख : हिंदुस्थानी संगीताच्या महाविद्यालयीन अध्यापनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगीत विषयाच्या अभ्यासपत्रिकांमध्ये 'स्वरज्ञान' हा शब्द इतक्या सहजतेने योजला जातो की त्यात दोन भिन्न क्षमता एकत्र बांधलेल्या आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. ऐकू आलेला स्वर षड्जाच्या संदर्भात कोणत्या जागी आहे, हे सांगता येणे ही एक क्षमता होय. लागोपाठ ऐकू आलेल्या दोन स्वरांमधील अंतर कानाने ओळखून त्याला नाव देता येणे ही दुसरी. पहिलीला स्थानबोध व दुसरीला अंतरबोध असे म्हणता येईल. हिंदुस्थानी संगीताचे संस्थात्मक अध्यापन विसाव्या शतकाच्या आरंभापासून जवळजवळ संपूर्णपणे स्थानबोधाच्या पायावर उभे राहिले. अंतरबोध गुरूच्या सहवासात आपोआप येईल असे गृहीत धरले गेले. सहवास घटला, तासिका आल्या, लेखी परीक्षा आली. गृहीतक मात्र तसेच राहिले. त्याचा परिणाम असा की, अनेक विद्यार्थ्यांना स्वरांची नावे बिनचूक येतात, परंतु त्या नावांमागील अंतरे त्यांना ऐकू येतात की नाही, याची परीक्षा कोठेच होत नाही. प्रस्तुत लेखात या स्थितीची चिकित्सा केली असून, तिच्यावरील उपाय म्हणून हल्ली सुचविल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य धर्तीच्या कर्णसाधनेचीही तपासणी केली आहे.

आरंभीच परिभाषेविषयी एक गोष्ट नोंदविणे अगत्याचे आहे. दोन स्वरांमधील अंतराला मराठीत आज 'स्वरांतर' म्हणतात. प्राचीन ग्रंथांत मात्र हाच शब्द निराळ्या अर्थाने येतो. एका स्वराची तान आर्चिक, दोहोंची गाथिक, तिहींची सामिक आणि चार स्वरांची ती 'स्वरांतर', असा तो क्रम आहे. म्हणजे ज्या गोष्टीविषयी येथे बोलायचे आहे तिला शास्त्रपरंपरेत स्वतंत्र, सर्वसामान्य असे नाव नव्हते. ही उणीव मानावी की नाही, हा पुढचा प्रश्न. परंतु पाश्चात्त्य संगीतात दुसरे, तिसरे, चौथे, पाचवे अशी अंतरांची क्रमवार नावे आणि त्यांचे मोठे-लहान भेद पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याच्या तोंडी असतात. तशी नामावली आपल्याकडे घडली नाही, हे वास्तव आहे.

सात अक्षरे, बारा जागा

सरगम ही नामपद्धती म्हणून तपासली असता तिच्यातील एक वैशिष्ट्य प्रथम नजरेत भरते. सप्तकात व्यवहारात बारा स्वरस्थाने मानली जातात. उच्चाराची अक्षरे मात्र सातच. कोमल ऋषभ आणि शुद्ध ऋषभ हे दोन्ही गाताना 'रे' असेच उच्चारले जातात. लेखनात भातखंड्यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ व तीव्र मध्यमावर उभी रेघ देऊन हा भेद दाखविला. मंद्र स्वराखाली आणि तार स्वराच्या वर बिंदू दिला. कागदावर भेद स्पष्ट झाला, पण कंठातील अक्षर तेच राहिले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी प्रसृत केलेल्या टॉनिक सोल्फा पद्धतीत स्वर उतरला वा चढला की अक्षरातील स्वरवर्ण बदलतो. कर्नाटक संगीताच्या मेळपद्धतीतही रा-रि-रु, ग-गि-गु अशी अक्षरे लक्षणासाठी योजली गेली, जरी गाताना तेथेही 'रि' आणि 'ग' असेच म्हटले जाते. हिंदुस्थानी सरगमने हा मार्ग पत्करला नाही.

याचे परिणाम एका उदाहरणावरून पाहता येतील. कामोद रागात ऋषभावरून पंचमावर जाणारी संगती रागवाचक आहे. श्री रागातही ऋषभ-पंचमाची संगती रागवाचक आहे. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी 'रे प' असेच म्हणतो. परंतु कामोदातील ऋषभ शुद्ध असल्याने हे अंतर पाच अर्धस्वरांचे, म्हणजे षड्ज-मध्यमाइतके आहे, तर श्री रागातील ऋषभ कोमल असल्याने ते सहा अर्धस्वरांचे आहे. एक अंतर संवादाचे, दुसरे संवाद मोडणारे. कामोदाची झेप ज्या सहजतेने पंचमावर स्थिरावते, ती सहजता श्री रागात नाही. तेथे पंचमावर पोहोचूनही ताण निवळत नाही. हा त्या रागाचा प्राणच होय. शिकणाऱ्याने हा फरक ऐकला आहे काय? त्याने उच्चारलेल्या 'रे प' या अक्षरांवरून ते कळण्याचा काहीच मार्ग नाही. पुढे मल्हाराच्या प्रकारांत तीच संगती, तेच पाच अर्धस्वरांचे अंतर घेऊन, मध्यमावरून ऋषभावर येणाऱ्या मींडेनंतर अवतरते आणि कामोदाशी गल्लत होत नाही. अंतर ओळखणे हे राग ओळखण्याची पूर्वअट असले तरी ते पुरेसे नाही, हेही या तिसऱ्या उदाहरणाने दिसून येते.

अलंकारांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक प्राथमिक पातळीवर घडते. 'सा ग, रे म, ग प, म ध, प नि, ध सां' हा पलटा पहिल्याच वर्षी घोटला जातो. एक स्वर सोडून पुढचा घ्यावयाचा, इतकीच त्याची सूचना असते. परंतु बिलावल थाटात या जोड्यांची अंतरे समान नाहीत. सा-ग चार अर्धस्वरांचे, रे-म आणि ग-प तीनचे, म-ध व प-नि पुन्हा चारचे, ध-सां तीनचे. विद्यार्थी एकाच आकृतीची आवृत्ती करीत आहे असे त्याला वाटते. वस्तुतः तो दोन भिन्न अंतरांची गुंफण गात असतो. 'सा म, रे प, ग ध, म नि, प सां' या पलट्यात तर चार जोड्या पाच अर्धस्वरांच्या आणि मधली म-नि ही एकच जोडी सहाची आहे. नवशिक्यांचा आवाज अडखळायचा तर तो नेमका याच जागी. शिक्षक 'निषाद उतरला' म्हणून दुरुस्ती करतात आणि ती योग्यच असते. मात्र कानाने आधीच्या तीन जोड्यांचे अंतर पकडले होते व तेच पुढे नेण्याचा प्रयत्न केला होता, ही त्या चुकीमागची समज दुर्लक्षित राहते. चूक करणाऱ्या विद्यार्थ्याचा अंतरबोध, चूक न करता पेटीच्या पट्ट्यांमागे जाणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक जागा असू शकतो. गुणपत्रिकेत मात्र तो मागे पडतो.

संवाद : ऐकण्याचा अनुभव ते पाठांतराचा शब्द

आपल्या शास्त्रपरंपरेत अंतराचा विचारच नव्हता, असे वरील विवेचनावरून कोणी समजेल तर ते चूक ठरेल. नाट्यशास्त्रात स्वरांची व्यवस्था अंतरांवरच उभी आहे. ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर ते परस्परांचे संवादी, आणि दोन श्रुतींचे अंतर असलेले विवादी, असे तेथे सांगितले आहे. षड्जग्रामात षड्ज-पंचम तेरा श्रुतींवर असल्याने संवादी आहेत. ऋषभ-पंचमात दहा श्रुती असल्याने ते संवादी नाहीत. मध्यमग्रामात पंचम एका श्रुतीने उतरला की ऋषभ-पंचम नऊ श्रुतींवर येऊन संवादी होतात, आणि षड्ज-पंचम बारा श्रुतींवर गेल्याने त्यांचा संवाद तुटतो. दोन ग्रामांतील सगळा भेद या एका श्रुतीत, म्हणजेच कोणती जोडी जुळते व कोणती जुळत नाही या कानाच्या निवाड्यात आहे.

सारणाचतुष्टयीचा सुप्रसिद्ध प्रयोग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. एकसारख्या लावलेल्या दोन वीणांपैकी एक स्थिर ठेवून दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवावयाची. दुसऱ्या सारणेत तिचे गंधार-निषाद स्थिर वीणेच्या ऋषभ-धैवतांत मिळतात, तिसरीत ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांत मिळतात, चौथीत पंचम, मध्यम व षड्ज अनुक्रमे मध्यम, गंधार व निषाद यांत विलीन होतात. या संपूर्ण प्रयोगात कंपनसंख्या नाही, तारेची लांबी नाही. 'मिळाले' किंवा 'मिळाले नाही' एवढाच निर्णय, आणि तो घेणारा कान. या प्रयोगावर गेल्या शतकात विपुल लिहिले गेले. त्यातील बहुतेक लेखन श्रुती समान की असमान, या प्रश्नाभोवती फिरते. एका शिक्षकाने शिष्याकडून करवून घेण्याचा कर्णाभ्यास म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले गेले.

महाराष्ट्रात तर हा कल विशेष जाणवतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी प्रबंध १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य त्यांच्या कार्याला लाभले होते. ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो विचार पुढे नेला व श्रुतींची पेटी घडविण्यापर्यंत मजल गेली. हे परिश्रम मोठे होते यात शंका नाही. परंतु स्वर किती कंपनांवर आहे हा प्रश्न आणि शिकणाऱ्याला तो कसा ओळखू येतो हा प्रश्न, हे दोन्ही एकच समजले गेले. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेपासून श्रुतींचा वाद गाजत राहिला. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या कानाचे काय, हा विषय कोणत्याच पक्षाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

दुसऱ्या बाजूने, संवाद हा ऐकण्याचा अनुभव हळूहळू पाठांतराचा शब्द होत गेला. रागाच्या माहितीत 'वादी अमुक, संवादी तमुक' हे वाक्य अनिवार्य बनले. मारवा रागाचे उदाहरण येथे निर्णायक ठरावे. अनेक पाठ्यपुस्तकांत मारव्याचा वादी ऋषभ व संवादी धैवत दिलेला असतो. मारव्यातील ऋषभ कोमल आणि धैवत शुद्ध. त्यांच्यातील अंतर आठ अर्धस्वरांचे आहे, म्हणजे षड्ज-पंचमाच्या अंतराहून एकाने अधिक. कोणत्याही गणनेने तो संवाद नव्हे. श्री रागात वादी कोमल ऋषभ आणि संवादी पंचम सांगितले जातात, तेथेही हीच अडचण आहे. अभ्यासकांनी ही विसंगती पूर्वीच दाखविली असून तिचे समर्थनही केले गेले आहे. प्राबल्याच्या दृष्टीने दोन क्रमांकांवरचे स्वर एवढाच आता वादी-संवादीचा अर्थ घ्यावा, असे त्या समर्थनाचे सार. ते मान्य करता येईल. पण मग विद्यार्थ्याला ते तसे सांगितले पाहिजे. एकीकडे 'नऊ किंवा तेरा श्रुतींवर असलेले स्वर संवादी' ही व्याख्या, दुसरीकडे 'मारव्याचा संवादी धैवत' ही माहिती. दोन्ही एकाच उत्तरपत्रिकेत लिहून विद्यार्थी दोहोंचे गुण मिळवितो आणि ती दोन विधाने एकमेकांना छेद देतात हे त्याच्या लक्षात येत नाही. तानपुऱ्यावर ऋषभ धरून त्यावर धैवत लावून पाहिला असता तर ते कानाने तत्काळ सांगितले असते.

क्रमिक पुस्तक आणि परीक्षा

विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांच्या कार्याचे ऋण मान्य करूनच पुढील टीका करावी लागते. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतशिक्षण घराण्याच्या उंबरठ्याबाहेर आणले. भातखंड्यांनी सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेतून सरगमी, लक्षणगीते, ख्याल, धृपदे लिपिबद्ध करून सर्वांच्या हाती दिली. त्यांची स्वरलिपी वाचायला सोपी आहे आणि शंभर वर्षे ती टिकली आहे. लिपीचे काम स्मरणाला आधार देणे. ते तिने उत्तम केले.

परंतु लिपी जे दाखविते ते स्थान आहे, अंतर नव्हे. पाश्चात्त्य पंचरेखांवर दोन स्वरांमधील उंचीचा फरक डोळ्यांना दिसतो. निदान तो कमी की जास्त हे तरी दिसते. भातखंडे लिपीत 'सा रे' आणि 'सा प' या दोन जोड्या कागदावर सारख्याच जागा व्यापतात. ही लिपी वाचणारा प्रत्येक अक्षर षड्जाशी ताडून पाहतो, शेजारच्या अक्षराशी नव्हे. ज्याच्या कानात अंतरे आधीच मुरलेली आहेत त्याला यामुळे काहीच अडत नाही. ज्याच्या कानात ती नाहीत त्याला लिपी ती देऊ शकत नाही. भातखंड्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'ची रचना गुरू-शिष्यांच्या संवादाची आहे, हे येथे सूचक वाटते. शास्त्र सांगतानाही त्यांना समोर प्रश्न विचारणारा शिष्य कल्पावा लागला. क्रमिक पुस्तकात तो शिष्य नाही. तेथे फक्त चिन्हे आहेत आणि चिन्हांपलीकडचे सारे शिक्षकावर सोपविलेले आहे.

परीक्षेने ही उणीव पक्की केली. लेखी प्रश्नपत्रिकेत 'पुढील स्वरसमुदायांवरून राग ओळखा' हा प्रश्नप्रकार सर्वपरिचित आहे. छापलेल्या अक्षरांकडे पाहून राग ओळखावयाचा, म्हणजे कानाचे काम डोळ्यांकडून करून घ्यावयाचे. या प्रश्नाला पूर्ण गुण मिळविण्यासाठी एकही स्वर ऐकलेला असण्याची आवश्यकता नाही. चांगली स्मरणशक्ती असलेला बहिरा परीक्षार्थीही यात उत्तीर्ण होईल, हे विधान कठोर वाटले तरी खोटे नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षक स्वर गाऊन ओळखायला सांगतात हे खरे. परंतु बहुधा ते सरळ चढत्या-उतरत्या ओळीतले, थाट माहीत असलेल्या रागातले असतात. अशा वेळी उत्तर अंतर ऐकून येते की क्रमाच्या सवयीने येते, हे सांगता येत नाही.

या संदर्भात मैफलीतील सरगमचा दाखला घेण्याजोगा आहे. अब्दुल करीम खाँ यांनी ख्यालात सरगमला प्रतिष्ठा दिली. प्रभा अत्रे (१९३२-२०२४) यांनी सरगमवर संशोधनपर प्रबंध लिहिला आणि स्वतःच्या गायकीत तिला मध्यवर्ती स्थान दिले. याउलट जयपूर-अत्रौली परंपरेने मैफलीत सरगम जवळजवळ टाळली. दोन्ही परंपरांतील थोर गायकांचा अंतरबोध सारखाच प्रखर होता. नाव घेऊन गाणे आणि नाव न घेता गाणे, हे दोन्ही मार्ग तेथपर्यंत पोहोचतात. म्हणजे नाव हे अंतरबोधाचे साधन असू शकते, पण त्याचा पुरावा नव्हे. संस्थात्मक शिक्षणाने नेमका हा पुरावा मानला.

आयात केलेला उपाय

ही उणीव जाणवल्यामुळे अलीकडे काही ठिकाणी पाश्चात्त्य पद्धतीच्या कर्णाभ्यासाचा पुरस्कार केला जातो. मोबाइलवर किंवा संगणकावर दोन स्वर वाजतात, विद्यार्थ्याने अंतराचे नाव निवडावयाचे. प्रत्येक अंतरासाठी एखाद्या परिचित गाण्याचे पहिले दोन स्वर लक्षात ठेवावयाचे, ही त्यातील लोकप्रिय युक्ती. या पद्धतीचे गुण नाकारता येणार नाहीत. ती अंतराला वेगळे काढते, तीन आणि चार अर्धस्वरांतील फरक टाळू देत नाही आणि चूक लगेच दाखविते. वर उल्लेखिलेल्या पलट्यांतील गोंधळ तिने नक्कीच कमी होईल.

तथापि तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली, स्वरांच्या लावणीची. अशा साधनांतील स्वर बहुधा समविभाजित सप्तकाचे असतात. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर तेथील शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा स्वयंभू गंधार, ज्याचे षड्जाशी प्रमाण ५/४ आहे, तो ३८६ सेंटवर असतो. पंचमात फरक केवळ दोन सेंटचा, गंधारात मात्र चौदांचा. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, तिच्यामागे मींड निघत नाही या आक्षेपाबरोबर हाही आक्षेप होता. आज बंदीचा आग्रह कोणी धरणार नाही, पण कान तयार होण्याच्या वर्षांत संदर्भ म्हणून कोणता गंधार द्यावयाचा, हा प्रश्न उरतोच. शिवाय १९७८ साली बर्न्स आणि वॉर्ड या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत असे आढळले की प्रशिक्षित संगीतज्ञ अंतरे ठरीव वर्गांत ऐकतात. दोन वर्गांच्या सीमेवरचा फरक त्यांना चटकन कळतो, एकाच वर्गातला तितका कळत नाही. नाव शिकण्याची ही किंमत आहे. ज्या संगीतात दरबारीचा आंदोलित गंधार व भीमपलासीचा गंधार एकाच 'कोमल ग' या नावाखाली येतात, तेथे ती किंमत हलकी नाही. नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत प्रत्यक्ष गायन-वादनातील स्वरस्थाने ठरीव आकड्यांवर स्थिर नसल्याचे दिसले होते. आकडा पाठ करून कान तयार होणार नाही, हे त्यावरूनही स्पष्ट होते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. या अभ्यासात षड्ज नसतो. दोन स्वर निराधार वाजतात. हिंदुस्थानी संगीतात षड्जावाचून अंतराला अर्थ नाही, हे मूर्च्छनेच्या साध्या उदाहरणाने दाखविता येते. भूपालीचे सा रे ग प ध हे पाच स्वर घ्यावेत. त्यांतील ऋषभाला षड्ज मानले तर मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतात, गंधाराला मानले तर मालकंसाचे, पंचमाला मानले तर दुर्गाचे, धैवताला मानले तर धानीचे. स्वरांमधील अंतरे एका सेंटनेही बदललेली नाहीत. बदलला तो केवळ आधार. केवळ अंतरांची नावे ओळखणाऱ्या यंत्राला हे पाच राग एकच वाटतील. पाश्चात्त्य शिक्षणक्षेत्रातही निराधार अंतरांचा सराव आणि आधारस्वराच्या संदर्भातील सराव यांबद्दल मतभेद आहेत. हंगेरीत कोडाय यांच्या पद्धतीने चल 'डो'चा, म्हणजे फिरत्या षड्जाचा, आग्रह धरला तो याच कारणासाठी. तेव्हा 'पाश्चात्त्य विरुद्ध भारतीय' अशी ही विभागणी नाही. आयात करायचीच तर तेथील कोणती परंपरा, एवढा विवेक तरी हवा.

षड्ज-पंचम भाव : परंपरेतील एक दुर्लक्षित साधन

वास्तविक आपल्या व्यवहारभाषेत अंतराला नाव देण्याची एक रीत जिवंत आहे. 'गंधार-निषादात षड्ज-पंचम भाव आहे', 'ऋषभ-पंचमात षड्ज-मध्यम भाव आहे' असे जाणकार सहज बोलून जातात. या बोलण्याची घडण पाहण्यासारखी आहे. येथे अंतराला आकडा दिलेला नाही. जोडीतील खालच्या स्वराला क्षणभर षड्ज मानून वरचा त्याचा कोण लागतो, हे सांगितलेले आहे. म्हणजे अंतर ओळखणे ही मनातल्या मनात केलेली एक क्षणिक मूर्च्छनाच होय. मात्र ती करताना मूळ षड्ज सोडावयाचा नाही. तो तानपुऱ्यावर चालूच आहे. पूरियातील गंधार-निषादाची संगती ऐकताना कान एकाच वेळी दोन गोष्टी करतो. गंधाराच्या आधाराने निषाद पंचमासारखा विसावतो, आणि खऱ्या षड्जाच्या संदर्भात तोच निषाद षड्जाकडे ओढ घेतो. रागाची गोडी या दुहेरी ऐकण्यात आहे. निराधार अंतराचा सराव यातील पहिला भाग शिकवितो, सरगमचा सराव दुसरा. परंपरेतील हा 'भाव' दोहोंना एकत्र धरतो.

या साधनाचा वर्गात उपयोग फारसा होताना दिसत नाही. शास्त्राच्या तासाला षड्ज-पंचम भावाची व्याख्या लिहून घेतली जाते. प्रात्यक्षिकाच्या तासाला तिचा उल्लेख होत नाही. तानपुरा तर या अभ्यासाची पाठशाळाच आहे. पहिली तार पंचमाला लावली असता तिच्या अनुनादांतून ऋषभ आणि निषाद सूक्ष्मपणे ऐकू येतात, खर्जातून गंधार येतो. ते वेगळे काढून ऐकणे हा अंतरबोधाचा पहिला धडा होऊ शकतो आणि त्यासाठी नावाची गरज लागत नाही. पुढे 'म्हटलेल्या ऋषभावर त्याचा मध्यम लाव' अशी आज्ञा देता येईल. विद्यार्थ्याने पंचम गायला की मगच 'हा आपला पंचम' असे नाव सांगावे. तानपुरा स्वतः लावण्याची सक्ती हाही याच अभ्यासाचा भाग. यंत्राच्या तानपुऱ्याने ती सक्ती काढून घेतली. त्यात सोय झाली, पण रोज दहा मिनिटे होणारी अंतराची परीक्षाही गेली.

अर्थात हा अभ्यास सोपा नाही आणि त्यातून सर्व प्रश्न सुटतात असेही नाही. भूपालीतच त्याची कसोटी लागते. गंधार ५/४ आणि ऋषभ ९/८ या प्रमाणात लागले आहेत असे धरले, तर धैवत कोणता? गंधाराशी षड्ज-मध्यम भाव साधायचा तर धैवत ५/३ वर लावावा लागतो. ऋषभाशी षड्ज-पंचम भाव साधायचा तर तो २७/१६ वर न्यावा लागतो. दोहोंत सुमारे बावीस सेंटचे अंतर आहे. भरताच्या दोन ग्रामांत पंचमाच्या एका श्रुतीने जो फरक पडत होता, त्याच जातीचा हा फरक. गंधार वादी व धैवत संवादी म्हणणाऱ्याने पहिला धैवत पत्करला पाहिजे. परंतु भातखंड्यांप्रमाणे स्वर आपल्या पहिल्या श्रुतीवर मानून शुद्ध स्वरांची ४, ३, २, ४, ४, ३, २ ही श्रुतिविभागणी घेतली, तर गंधार-धैवतात दहा श्रुती येतात आणि ऋषभ-धैवतात तेरा. पुस्तकातील वादी-संवादी एक धैवत मागतात, पुस्तकातील श्रुतिगणना दुसरा. गायक कोणता लावतो? गंधारावरून मींडेने धैवतावर जाताना एक, ऋषभाला टेकून येताना दुसरा, असे कोणी केले तर ते बेसूर म्हणावयाचे की सूक्ष्म?

परीक्षेत याची दखल घ्यायची तर प्रश्नाचे स्वरूप बदलावे लागेल. षड्ज-पंचमाच्या तानपुऱ्यावर 'रे प' ही संगती दोनदा, एकदा शुद्ध व एकदा कोमल ऋषभाने, केवळ आकारात ऐकवावी. कोणती संवादी हे विचारावे. मग तेच अंतर दुसऱ्या स्वरावरून गायला लावावे. उमेदवारामागे यासाठी तीन-चार मिनिटे पुरतील. भूपालीतल्या धैवताचा प्रश्न मात्र पदव्युत्तर वर्गासाठीच राखावा, कारण त्याला गुण देताना परीक्षकालाही आधी स्वतःचा धैवत ठरवावा लागेल, आणि एकाच टेबलाशी बसलेल्या अंतर्गत व बहिःस्थ परीक्षकांचा धैवत एकच निघेल याची खात्री देता येत नाही.